डेबियन १२ वर स्मार्टमाँटूल्स ७.४ : बॅकपोर्ट्समधून घ्यावं की जुनंच बरं?

डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, १० जून २०२३ ला आलं आणि डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या स्मार्टमाँटूल्सचं ७.४ आलं १ ऑगस्टला. पण पॅकेजं गोठवण्याचं काम प्रकाशनाच्या कित्येक महिने आधीच सुरू झालेलं असतं, त्यामुळे बुकवर्मच्या वाट्याला फेब्रुवारी २०२२ मधलं ७.३ आलं. पुढच्या फेरीतही तेच. डेबियन १३ चा, म्हणजे ट्रिक्सीचा, सॉफ्ट फ्रीझ (गोठवण्याचा एक टप्पा) १५ एप्रिल २०२५ ला लागला, ७.५ बाहेर पडलं ३० एप्रिलला, आणि ट्रिक्सीत ७.४ राहिलं. स्थिर वितरण निवडलं की हे धरूनच चालायचं. वेब सर्व्हर किंवा शेल दोन वर्षं जुना असला म्हणून सहसा काही अडत नाही. डिस्कवर नजर ठेवणाऱ्या साधनाचं तसं नाही, कारण डिस्क बदलत राहतात आणि आज बसवलेल्या डिस्कची ओळख दोन वर्षं जुन्या प्रोग्रामला असेलच असं नाही.

निकाल आधीच सांगतो. सर्व्हरवर फक्त साटा डिस्क असतील तर बहुतेक वेळा नवा प्रोग्राम लागतच नाही, नवा डेटाबेस लागतो. एनव्हीएमई (थेट पीसीआयईवर चालणाऱ्या वेगवान एसएसडी) असतील तर बॅकपोर्ट्समधलं, म्हणजे स्थिर डेबियनसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या भांडारातलं, ७.४ जरूर घ्या. ट्रिक्सीमधून पॅकेज उचलणं किंवा सोर्समधून बांधणं या दोन्ही वाटा एवढ्याशा कामासाठी महाग पडतात. (खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाइप करायच्या.)

आधी डेटाबेस तपासा

‘स्मार्टसीटीएल --इन्फो /डेव्ह/एसडीए’ (स्मार्टसीटीएल म्हणजे स्मार्टमाँटूल्सची हातानं चालवायची कमांड) चालवल्यावर ‘नॉट इन स्मार्टसीटीएल डेटाबेस’ अशी ओळ दिसली, किंवा गुणांच्या (डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या क्रमांकित मोजमापांच्या) तक्त्यात नावांच्या जागी ‘अननोन_ॲट्रिब्यूट’ आलं, की लोक थेट नवी आवृत्ती शोधायला लागतात. या ओळीचा अर्थ इतकाच की तुमच्या डिस्कचं मॉडेल ‘ड्राइव्हडीबी.एच’ या फाइलमध्ये नाही. डिस्क ठीक आहे, प्रोग्रामही ठीक आहे, फक्त आकड्यांचा अर्थ लावायचा तक्ता जुना आहे. आणि तो तक्ता महत्त्वाचा आहे. २३१ क्रमांकाचा गुण एका कंपनीच्या एसएसडीवर तापमान दाखवतो आणि दुसऱ्या कंपनीच्या एसएसडीवर उरलेलं आयुष्य. चुकीच्या नावाखाली वाचलेला आकडा न वाचलेल्या आकड्यापेक्षा वाईट.

उपाय एका ओळीचा:

सुडो अपडेट-स्मार्ट-ड्राइव्हडीबी

ही स्क्रिप्ट तुमच्या आवृत्तीसाठी ठेवलेल्या शाखेतून फाइल उतरवते, जीएनयूपीजीनं सही तपासते आणि डेबियनवर ती /व्हार/लिब/स्मार्टमाँटूल्स/ड्राइव्हडीबी/ इथं ठेवते. त्यासाठी कर्ल किंवा डब्ल्यूगेट आणि जीएनयूपीजी लागतं. किमान इन्स्टॉलवर यातलं काहीच नसतं आणि मग स्क्रिप्ट बुचकळ्यात पाडणारी तक्रार करते. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. प्रकल्पाचे पत्ते आणि सहीच्या चाव्या काळानुसार बदलतात, त्यामुळे जुन्या पॅकेजमधली स्क्रिप्ट कधी कधी फाइल आणूच शकत नाही किंवा सही नाकारते. अशा वेळी ‘--नो-व्हेरिफाय’ देऊन पुढं जाण्याचा मोह टाळा. ती फाइल वाचणारा प्रोग्राम रूट म्हणून चालतो. सही जुळत नसेल तर बॅकपोर्ट्समधलं पॅकेज घ्यायला ते एक चांगलं कारण आहे, कारण त्यासोबत नवी स्क्रिप्ट आणि नवा डेटाबेस दोन्ही येतात.

एखाद्याच मॉडेलचा प्रश्न असेल तर त्याची नोंद हातानं /ईटीसी/स्मार्ट_ड्राइव्हडीबी.एच मध्ये टाकता येते. ही फाइल मुख्य डेटाबेसच्या आधी वाचली जाते. इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर ही वाट सगळ्यात सोपी. बदल पोचला का ते ‘स्मार्टसीटीएल --प्रीसेट्स=शो /डेव्ह/एसडीए’ सांगतं. डेटाबेस बदलल्यावर सेवा रीस्टार्ट करायला विसरू नका. स्मार्टसीटीएल दर वेळी फाइल नव्यानं वाचतं, पण पार्श्वभूमीत चालणारं स्मार्टडी सुरुवातीला वाचलेल्या जुन्या नावांवरच अलर्ट देत राहतं.

आणखी एक गैरसमज इथंच मिटवू. जेसन आउटपुट (दुसऱ्या प्रोग्रामना सहज वाचता येणारं) हवं म्हणून बुकवर्मवर नवी आवृत्ती घेण्याची गरज नाही. ‘--जेसन’ हा पर्याय ७.० पासून आहे. तो नसलेलं शेवटचं डेबियन म्हणजे बस्टर (डेबियन १०), त्यात ६.६ होतं. हे आकडे गोळा करून दाखवणारी साधनं, म्हणजे स्क्रुटिनी किंवा प्रोमिथियसचा स्मार्टसीटीएल एक्सपोर्टर, बुकवर्मच्या ७.३ वर व्यवस्थित चालतो.

७.४ मध्ये खरंच काय मिळतं

एनव्हीएमई सेल्फ-टेस्ट. ७.३ पर्यंत स्मार्टसीटीएल एनव्हीएमई डिस्कचा हेल्थ लॉग दाखवायचं, पण तिला चाचणी घ्यायला सांगू शकत नव्हतं. ७.४ पासून साटा डिस्कसारखंच:

सुडो स्मार्टसीटीएल --टेस्ट=शॉर्ट /डेव्ह/एनव्हीएमई०
सुडो स्मार्टसीटीएल --लॉग=सेल्फटेस्ट /डेव्ह/एनव्हीएमई०

नाव देताना ‘एनव्हीएमई०एन१’ हे नेमस्पेसचं नाव न देता ‘एनव्हीएमई०’ हे कंट्रोलरचं द्या. शॉर्ट चाचणी मानकाप्रमाणे दोन मिनिटांत संपायला हवी. ही सोय एनव्हीएमई १.३ मध्ये आली आणि तीही ऐच्छिक म्हणून, त्यामुळे जुन्या आणि काही स्वस्त डिस्क सरळ ‘सपोर्ट नाही’ म्हणतात. ती डिस्कची मर्यादा आहे, त्यासाठी ७.५ च्या मागं धावून उपयोग नाही.

दुसरी सुधारणा जाहिरातीत कमी दिसते, पण रोजच्या जगण्यात जास्त सुखाची आहे. एनव्हीएमई डिस्कचा ‘एरर इन्फर्मेशन लॉग एंट्रीज’ हा आकडा बऱ्याचदा उगाच वाढतो. कर्नलनं किंवा एखाद्या साधनानं डिस्कला न कळणारी कमांड दिली की डिस्क ‘इनव्हॅलिड फील्ड’ अशी नोंद करते आणि आकडा एकनं पुढं जातो. जुनं स्मार्टडी त्यावर प्रत्येक वेळी मेल पाठवायचं. चार रीबूट झाले की चार इशारे, आणि पाचव्या खऱ्या इशाऱ्याकडे कुणी बघत नाही. ७.४ त्या नोंदी उघडून पाहतं आणि लॉगमध्ये ‘० न्यू, १ इग्नोर्ड, ० अननोन’ अशा धर्तीची ओळ लिहून गप्प बसतं. एवढ्यासाठीसुद्धा अपग्रेड करावं.

बसवणं

आधी परिस्थिती बघा: ‘स्मार्टसीटीएल --व्हर्जन’ आणि ‘एपीटी पॉलिसी स्मार्टमाँटूल्स’. मग /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी/बॅकपोर्ट्स.लिस्ट या फाइलमध्ये एक ओळ:

डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन बुकवर्म-बॅकपोर्ट्स मेन

‘एपीटी अपडेट’ करून पॉलिसी पुन्हा पाहिली की ७.४-२~बीपीओ१२+१ ही आवृत्ती १०० प्राधान्यानं दिसते, आणि नेहमीच्या भांडारातली ५०० नं. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. बॅकपोर्ट्सची ओळ घातल्यानं सर्व्हरवरची बाकी पॅकेजं आपोआप बदलत नाहीत, तुम्ही नाव घ्याल तेवढंच येतं. मात्र एकदा एखादं पॅकेज तिथून घेतलं की त्याची पुढची अपग्रेडही तिथूनच येत राहते. यासाठी वेगळं पिनिंग (प्राधान्याचा आकडा हातानं ठरवणं) करायची गरज नाही. काही जण उत्साहात ९०० चं पिन लावतात आणि पुढच्या ‘एपीटी अपग्रेड’ला अर्धा सर्व्हर नवा होतो.

सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमाँटूल्स/बुकवर्म-बॅकपोर्ट्स

तिरकी रेघ देऊन लिहिलं तर हे पॅकेज बॅकपोर्ट्समधून येतं आणि अवलंबित पॅकेजं, अगदी गरज पडली नाही तर, नेहमीच्या भांडारातून. ‘-टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स’ दिलं तर नव्यानं लागणारी अवलंबित पॅकेजंही बॅकपोर्ट्समधून ओढली जातात. स्मार्टमाँटूल्सचं अवलंबन मोजकं आहे (सी आणि सी++ लायब्ररी, लिबकॅप-एनजी, सेलिनक्स, सिस्टमडी), त्यामुळे तिरकी रेघ पुरते. ‘होय’ म्हणण्याआधी यादी वाचा. एकापेक्षा जास्त पॅकेजं बदलत असतील तर काहीतरी वेगळं घडतंय.

तुम्ही स्मार्टडी.कॉन्फ हातानं बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमधली प्रतही बदललेली असेल तर डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) मध्येच थांबून विचारतं. तुमची प्रत ठेवा. नवी प्रत शेजारी .डीपीकेजी-डिस्ट या शेपटासह जाते, ती सावकाश ताडून बघता येते.

सेवेचं नाव डेबियनवर ‘स्मार्टमाँटूल्स’ आहे, ‘स्मार्टडी’ हे टोपणनाव. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस स्मार्टडी’ चालतं, पण ‘सिस्टमसीटीएल एनेबल स्मार्टडी’ केलं की टोपणनावावर काम करायला नकार मिळतो. रेड हॅटच्या सवयीनं लिहिलेल्या स्क्रिप्ट आणि प्लेबुक इथं हमखास अडकतात.

पॅकेज नवं, नजर जुनीच : चुका कुठं होतात

बहुतेक सर्व्हरवर अडचण आवृत्तीची नसते, कॉन्फिगरेशनची असते. त्यामुळे अपग्रेडच्या निमित्तानं हे तपासून घ्या.

मेल. डेबियनची मूळ स्मार्टडी.कॉन्फ इशारा रूटला मेलनं पाठवते, आणि त्यासाठी /यूएसआर/बिन/मेल लागतं. ते देणारं पॅकेज ‘शिफारस’ म्हणून नोंदलेलं आहे. ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ वापरणाऱ्यांच्या सर्व्हरवर ते नसतं, डिस्क मरायला लागते आणि इशारा कुठंच पोचत नाही. ओळीच्या शेवटी ‘-एम टेस्ट’ (मोठा एम) जोडून सेवा रीस्टार्ट करा. प्रत्येक डिस्कमागं एक चाचणी मेल यायला हवा. आला की ते शब्द काढून टाका, नाहीतर दर रीबूटला मेलचा ढीग. मेल नको असेल तर /ईटीसी/स्मार्टमाँटूल्स/रन.डी/ मध्ये आपली स्क्रिप्ट ठेवा, ती टेलिग्राम, एनटीएफवाय, काय हवं तिकडं पाठवेल.

‘डिव्हाइसस्कॅन’ची ओळ. या ओळीनंतर लिहिलेलं सगळं स्मार्टडी वाचतच नाही. फाइलच्या तळाशी आपल्या डिस्कच्या ओळी काळजीपूर्वक जोडणारे आणि वर डिव्हाइसस्कॅन तसंच ठेवणारे पुष्कळ आहेत. स्वतःच्या ओळी लिहायच्या तर ती ओळ कॉमेंट करा. आणि ‘स्मार्टसीटीएल --स्कॅन-ओपन’च्या यादीतल्या डिस्क मोजून बघा. रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डामागच्या डिस्क तिथं दिसल्या नाहीत तर ‘--डिव्हाइस=मेगारेड,०’ किंवा एचपीच्या जुन्या कार्डांना ‘--डिव्हाइस=सीसीआयएसएस,०’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

वेळापत्रक. सगळीकडे नक्कल होणारी ओळ म्हणजे -एस (एस/../.././०२|एल/../../६/०३): रोज रात्री दोनला छोटी चाचणी, शनिवारी पहाटे तीनला मोठी. वार सोमवारपासून १ नं मोजले जातात. ही ओळ लिहिली गेली तेव्हा डिस्क लहान होत्या. आज १८ टीबीच्या डिस्कवर मोठी चाचणी साधारण एक दिवस घेते (‘स्मार्टसीटीएल --कॅपॅबिलिटीज’मध्ये अपेक्षित मिनिटं असतात), म्हणजे ती रविवारी पहाटेपर्यंत चालू राहते. डेबियनवर एमडी रेडची (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची) मासिक तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे एकच्या सुमारास सुरू होते, झेडएफएस या फाइलसिस्टमचा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) दुसऱ्या रविवारी. मोठी चाचणी आणि अशी तपासणी एकाच डिस्कवर भांडायला लागल्या की चाचणी रखडते, सर्व्हर मंदावतो आणि कुणीतरी स्मार्टमाँटूल्सला दोष देतं. मोठी चाचणी बुधवारी ठेवा, आणि बारा डिस्क असतील तर महिन्याभरात वाटून द्या. एनव्हीएमईसाठी वर दिलेली कमांड सिस्टमडी टायमरमधून चालवली की झालं.

व्हर्च्युअल मशीन. सेवेच्या युनिट फाइलमध्ये ‘कंडिशनव्हर्च्युअलायझेशन=नो’ लिहिलेलं असतं, म्हणून व्हीएममध्ये स्मार्टडी सुरूच होत नाही. एरवी ते योग्यच आहे, आभासी डिस्कला कसली प्रकृती. पण एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड) व्हीएमला थेट दिलेलं असेल तर ‘सिस्टमसीटीएल एडिट स्मार्टमाँटूल्स’ करून युनिट विभागात ही ओळ उजवी बाजू रिकामी ठेवून लिहा.

एक्झिट कोड. स्क्रिप्टमध्ये ‘शून्य नसेल तर डिस्क खराब’ असं गृहीत धरू नका. तो आकडा आठ बिटांचा मुखवटा आहे. ४ म्हणजे एखादी कमांड डिस्कला जमली नाही, ६४ म्हणजे एरर लॉगमध्ये कधीकाळची नोंद आहे. खरी बोंब ८ ची, म्हणजे डिस्कनं स्वतःच ‘मी चालले’ म्हटलं. १२८ म्हणजे सेल्फ-टेस्टच्या नोंदीत चूक आहे, तीही गंभीरच.

बाकीच्या वाटा

ट्रिक्सीचं भांडार जोडून तिथलं पॅकेज घेणं: नको. ते पॅकेज नव्या लायब्ररींवर बांधलेलं आहे, त्यामुळे बुकवर्मचं जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती सी लायब्ररी) २.३६ वरून २.४१ वर ढकललं जाऊ शकतं. एका डिस्क-तपासनीसासाठी सर्व्हरचा पाया बदलायचा, आणि मागं फिरायला धड रस्ता नाही. डेबियनची मंडळी अशा मिश्रणाला ‘फ्रँकन-डेबियन’ म्हणतात.

सोर्समधून बांधणं अवघड नाही. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. गोम पुढं आहे. नवं स्मार्टसीटीएल /यूएसआर/लोकल/एसबिनमध्ये बसतं आणि पाथमध्ये ते आधी सापडतं, म्हणून ‘--व्हर्जन’ नवा आकडा दाखवतं. पण सेवा जुन्या युनिटनं /यूएसआर/एसबिनमधलं जुनं स्मार्टडीच चालवत राहते, जुन्या कॉन्फिगरेशनवर. सहा महिन्यांनी कुणाला कळत नाही की इशारे कोण पाठवतंय. करायचंच असेल तर आधी डेबियनचं पॅकेज काढा. ७.५ मधलंच एखादं वैशिष्ट्य हवं असेल तेव्हाच याला अर्थ आहे.

कंटेनर. स्क्रुटिनीच्या प्रतिमेत तिचं स्वतःचं स्मार्टसीटीएल असतं, त्यामुळे यजमानावर काहीच न बदलता ताजी आवृत्ती मिळते. प्रत्येक डिस्क ‘--डिव्हाइस’नं द्यावी लागते, /रन/यूडेव्ह फक्त वाचण्यापुरतं जोडावं लागतं, साटासाठी ‘सिस_रॉआयओ’ आणि एनव्हीएमईसाठी ‘सिस_ॲडमिन’ ही क्षमता द्यावी लागते. ही दुसरी क्षमता म्हणजे जवळपास रूटच. आलेख सुरेख आहेत, पण रात्री तीन वाजता उठवायला मी कंटेनरवर विसंबणार नाही, त्या कामाला यजमानावरचं स्मार्टडीच हवं.

आणि बॅकपोर्ट्सची परवानगीच नसेल तर? बुकवर्मच्या मूळ भांडारातलं एनव्हीएमई-सीएलआय हे पॅकेजही एनव्हीएमईची सेल्फ-टेस्ट घेतं: ‘एनव्हीएमई डिव्हाइस-सेल्फ-टेस्ट /डेव्ह/एनव्हीएमई० -एस १’ (मोठ्या चाचणीसाठी २), मग ‘एनव्हीएमई सेल्फ-टेस्ट-लॉग’. खोट्या इशाऱ्यांचा त्रास मात्र त्यानं जात नाही.

उबंटूवाल्यांसाठी थोडक्यात: २४.०४ मध्ये ७.४ आहेच, २२.०४ मध्ये ७.२ आहे.

कुठलीही आवृत्ती घेतली तरी अपेक्षा बेतानं ठेवा. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या मोठ्या पाहणीत बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर चार मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही नव्हती. ५, १८७, १८८, १९७, १९८ या क्रमांकांच्या गुणांवर लक्ष ठेवा. १९९ वाढला तर आधी केबल बदला. सीगेटचे १ आणि ७ चे अवाढव्य आकडे पाहून घाबरू नका, त्यांत एकूण क्रियांची मोजणी मिसळलेली असते. आणि बॅकअप घ्या, स्मार्टडी बॅकअप घेत नाही.

सुरक्षा आणि पुढचं अपग्रेड

बॅकपोर्ट्सला डेबियनच्या सुरक्षा टीमचं पाठबळ नसतं. सुधारणा पॅकेज सांभाळणाऱ्याच्या सवडीनं येतात. नेटवर्कवर न ऐकणाऱ्या या प्रोग्रामसाठी हे चालवून घेण्यासारखं आहे. बुकवर्मचा एलटीएस (लांबवलेल्या आधाराचा) काळ जून २०२८ पर्यंत आहे, पण एलटीएसमध्ये बॅकपोर्ट्स येत नाही. बस्टरचं बॅकपोर्ट्स आर्काइव्हमध्ये हलवलं गेलं तेव्हा ज्यांच्या यादीत ती ओळ होती त्यांचं ‘एपीटी अपडेट’ ४०४ देऊन अडलं. बुकवर्मवर तसं झालं तर ओळ काढून टाका. बसवलेलं ७.४ तसंच चालत राहतं.

मागं फिरायचं असेल तर ‘एपीटी इन्स्टॉल स्मार्टमाँटूल्स/बुकवर्म’ म्हणा, डाउनग्रेडची सूचना स्वीकारा. ट्रिक्सीवर जाताना वेगळं काही करावं लागत नाही. आवृत्तीतल्या ‘~’ चिन्हामुळे बॅकपोर्टचा क्रमांक मूळ ७.४-२ पेक्षाही खालचा धरला जातो आणि ट्रिक्सीचं ७.४-३ त्यावर आपसूक बसतं. फक्त अपग्रेडच्या आधी बॅकपोर्ट्सची ओळ यादीतून काढा.